डोळ्यात पीठ गेलं आसंल

आई, तुझ्यावर मला राग आहे. तू जाऊन सतरा वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. गेल्या महिन्यात तर तो इतका वर आला, की त्या भरात मी भर दवाखान्यात एका अनोळखी बाईला वाटेल ते बोलले. तिचं काहीच चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण जे बोलले ते तिच्यासाठी नव्हतं, ते तुझ्यासाठी साठवलेलं होतं. ज्याचं होतं त्यालाच ते द्यायला हवं होतं, म्हणून आज कागद पुढे घेऊन बसले आहे.

मी पुण्यात काय काम करते हे गिरणीवर कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "कम्प्युटरवर मेंदूची गणितं करती." दळण घेऊन आलेल्या बायका हसायच्या. एकदा माझ्यासमोरच एक जण म्हणाली, "मग आमच्या मालकाच्या डोक्याचंबी एक गणित करून दे की गं, कधी सुटतच न्हाई." तूही हसलीस. मी मात्र चिडले, कारण माझ्या कामात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि ते काम माझ्याकडे कुठून आलं हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माणसाच्या मेंदूचा मागचा भाग, जिथं डोळ्यांनी पाहिलेलं उमटतं, तो मी संगणकात चादरीसारखा पसरते. त्या चादरीचे हजारो बारीक चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनाला समीकरणं नेमून देते: शेजारचा पेटला तर तू किती वेळात पेटायचं, आणि पेटून झाल्यावर किती वेळ गार पडून राहायचं. मग त्यातल्या एकाला डिवचते आणि बघत बसते. वाळलेल्या गवताला आग लागते ना, पुढे जाळाची एक रेघ आणि मागे सगळं काळं, तशी एक लाट त्या चादरीवरून सरकत जाते. मुंगीपेक्षाही हळू, मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर. जिथं जाळाची रेघ असते तिथं माणसाला चमचमणारी नागमोडी रेघ दिसते, आणि जिथून ती पुढे सरकलेली असते तिथं काहीच दिसत नाही. अर्धशिशीचं डोकं धरायच्या आधी पुष्कळ माणसांच्या मेंदूत हे होतं. माझ्या मेंदूत ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तुझ्या गिरणीत उभी होते.

तिसगावच्या बाजाराचा दिवस. गिरणीत उभं राहायला जागा नाही, डब्यांची रांग पार दाराबाहेर गेलेली. अण्णा एसटीवर, मुक्कामी गाडी घेऊन गेलेले, त्यामुळं शाळा बुडवून तू मला हाताखाली घेतलेलं. मी स्टुलावर चढून वरच्या पत्र्याच्या तोंडात बाजरी ओततेय. पट्टा फडफडतोय, छपराच्या भोकातून उन्हाचा कवडसा आलाय आणि त्यात पीठ उडतंय. त्या कवडशाकडे बघता बघता मला वाटलं की त्याचाच एक तुकडा डोळ्यात अडकून बसलाय. डोळा चोळला तरी तो जाईना. तो वाढायला लागला, करवतीच्या दातांसारखा, लुकलुकत. समोर एक म्हातारी डबा घेऊन उभी होती. तिच्याकडे बघितलं तर तिला उजवीकडचा गालच नव्हता, कान नव्हता, पदर नव्हता. अर्धी बाई माझ्याशी बोलत होती. माझ्या हातातून मापाचा शेर खाली पडला.

"आई, बाईचं अर्धं त्वांड दिसंना मला," मी म्हणाले. ओरडलेच असणार, कारण मोटारीच्या आवाजातही दोघी-तिघी वळल्या.

तू माझ्याकडे एकदा बघितलंस. ती नजर मला अजून आठवते. त्या नजरेत काळजी नव्हती आणि आश्चर्यही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. "डोळ्यात पीठ गेलं आसंल," तू बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस. "जा, त्वांड धू." आणि मी खाली उतरताना दंडाला धरून असा चिमटा काढलास की दोन दिवस वळ होता. घरी आल्यावर मी ओकले, डोकं फुटायची वेळ आली. संध्याकाळी जरा उतरल्यावर तू चुलीपुढे मला समोर बसवलंस.

"हे कुणाला सांगायचं न्हाई. अण्णांना न्हाई, मैत्रिणीला न्हाई. व्हय म्हण."

"पर मला दिसंना झाल्तं, आई."

"व्हय म्हण आधी."

"व्हय."

त्या 'व्हय'वर मी चौदा वर्षं काढली. तुला वाटलं असेल पोर विसरली. मी विसरले नव्हते. तीन-चार महिन्यांतून एकदा ते यायचं, आणि दर वेळी मला वाटायचं की या खेपेला दिसेनासं झालेलं परत दिसणार नाही. मी आंधळी होणार याबद्दल मला शंका उरली नव्हती, प्रश्न फक्त कधी एवढाच होता. म्हणून मी तयारीला लागले. घरापासून गिरणीपर्यंत डोळे मिटून चालायचा सराव केला. मारुतीच्या देवळाशी वळायचं, हापशाचा आवाज डाव्या हाताला ठेवायचा, पुढे पिठाचा वास. विहिरीकडची वाट मी शिकलेच नाही, कारण आंधळ्या पोरीला तिकडे कुणी पाठवणार नव्हतं. आणि गणित! लोक म्हणतात, हिला लहानपणापासून गणिताची आवड. आवड कसली? मराठी वाचायला डोळे लागतात, इतिहासाला लागतात, भूगोलाला तर नकाशाच लागतो. गणित मात्र डोळे मिटून करता येतं, हे मला कळलं होतं. मी वर्गमूळं, अवयव, पुढे समीकरणं डोक्यातल्या डोक्यात सोडवायला शिकले, कारण दिसेनासं झाल्यावर एवढी एक गोष्ट तरी माझ्याकडे राहिली असती. तेराव्या वर्षी कुणी पोर अशी तयारी करत असेल, आणि तिची आई चार हातांच्या अंतरावर बाजरी दळत असेल, आणि त्या आईला माहीत असेल की असलं काही होणार नाहीये, अर्ध्या तासात सगळं परत दिसतं, तर त्या आईला काय म्हणायचं? तूच सांग.

बारावीच्या गणिताच्या पेपराला ते आलं. पाथर्डीचं केंद्र. पहिली दोन पानं मी सरसर लिहिली, आणि मग प्रश्नपत्रिकेची उजवी बाजू विरघळायला लागली. समीकरणातलं बरोबरचं चिन्ह दिसायचं, त्याच्या पुढे काय आहे ते दिसायचं नाही. मी कागद सरकवला, मान वळवली, एक डोळा झाकला. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं सरांना सांगितलं की ही माझ्यात बघते. सर येऊन उभे राहिले. मी मान खाली घातली आणि दिसत नसलेल्या कागदावर लिहीत राहिले. ओळीवर ओळ चढली असेल. मग डोकं सुरू झालं आणि शेवटचा तास मी बाकावर कपाळ टेकून काढला.

घरी आले तर अण्णा ओट्यावर चहा पीत होते. तू विचारलंस, "सोपा हुता का?" मी म्हणाले, अर्धाच सोडवला, कागदाची उजवी बाजू दिसत नव्हती. अण्णांनी कप खाली ठेवला. ते काही विचारणार एवढ्यात तू म्हणालीस, "अभ्यास न्हाई केला तर कसा दिसंल? वर्सभर नुसतं डोळं मिटून बसायचं, आन वरून कागदाला नावं ठिवायची." अण्णांनी कप परत उचलला. ते तुझं बोलणं कधी मोडत नसत.

आणि मग तू मला आत नेलंस. खिडकीला पोतं लावलंस. सुंठ उगाळून आणलीस आणि माझ्या डाव्या कानशिलावर लेप दिलास, वरून लुगड्याची चिंधी करकचून बांधलीस. मी सांगितलं होतं की उजवी बाजू दिसत नाही. कुणीही उजवीकडे लेप दिला असता. तू डावीकडे दिलास, आणि दुखत डावीकडेच होतं. उजवीकडचं जग मेंदूच्या डाव्या अंगाला उमटतं, आणि म्हणून पुष्कळदा डोकंही तिकडचंच धरतं, हे मला पुस्तकात सापडायला आणखी दहा वर्षं जायची होती. तेव्हा मला वाटलं, आयांना असलं सगळं माहीतच असतं. त्या अंधाऱ्या खोलीत तुझा हात माझ्या कपाळावर होता आणि मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचाही मला आज संताप येतो. बाहेर अण्णांपुढे मला आळशी ठरवून आलेला तोच हात होता.

इंजिनिअरिंग गेलं. नगरच्या कॉलेजात गणित घेतलं, मग पुणे. लोक सांगतात, त्यामुळं तर तू इथवर आलीस, झालं ते बरंच झालं. मला हे ऐकवत नाही. पुण्यात संशोधनाला लागले तेव्हा मी रोगाच्या साथी कशा पसरतात याची गणितं करत होते. गावातून गावात सरकणारी लाट कागदावर मांडायची, एवढंच काम. सत्ताविसाव्या वर्षी एका व्याख्यानाला जाऊन बसले. एक मेंदूचे डॉक्टर आले होते, मेंदूतल्या लाटांना आमची गणितं लागू पडतील का, हे विचारायला. त्यांनी पडद्यावर एका रोग्यानं काढलेली चित्रं लावली. मध्ये एक फुली, आणि तिच्या बाजूला करवतीच्या दातांची एक छोटी कमान. खाली लिहिलेलं, पाच मिनिटं. पुढच्या चित्रात कमान मोठी, दहा मिनिटं. कमानीच्या आतलं सगळं कोरं. मी उठून बाहेर गेले. पाण्याच्या टाकीशेजारच्या पायऱ्यांवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. माझ्याबरोबरची एक मुलगी मागोमाग आली, काय झालं म्हणाली. मी म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं. बघ, तुझीच लेक.

त्यानंतर मी साथींची गणितं सोडली आणि हे धरलं. माझं मॉडेल खरं आहे की नाही हे तपासायला मला माणसांची चित्रं लागतात. समीकरणातून निघालेली कमान आणि माणसानं पाहिलेली कमान जुळायला हवी. म्हणून महिन्यातून एक दिवस मी नगरला एका मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात, पण बसमधले लोक अजून नगरच म्हणतात. ज्यांना असं दिसतं त्यांना मी मध्ये फुली असलेला कागद देते. नाव लिहीत नाही, गाव लिहीत नाही, नुसतं वय.

गेल्या महिन्यात एक बाई तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पाथर्डी तालुक्यातलीच, बोलण्यावरनं मला लगेच कळलं. डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. मी मुलीला पेन्सिल दिली. ती काढत गेली. कमान, तिचे दात, आतला कोरा भाग. मग एक दुसरी कमान, मोठी. तिनं दात इतके नीट काढले होते, आई, की मला माझीच कमान बघतेय असं वाटलं. मी विचारलं, "घाबरतेस का?" ती हळूच म्हणाली, "लई."

तिची आई मघापासून कागदाकडे बघत होती. "हे कुठं लिवून घेताय?" तिनं विचारलं. मी सांगितलं की नाव नसतं, अभ्यासासाठी आहे. ती दारावरची पाटी वाचायला लागली. "मेंदूचा आजार म्हणून लिवनार का तुमी?"

"आजार फार मोठा नाहीये. डॉक्टर गोळ्या देतील, कमी होईल."

"डोळ्याच्या डॉक्टरनं हिकडं पाठवलं म्हणून आल्तो आमी. परीक्षा आली की नाटकं करती ही. चल गं, ऊठ."

"आई, थांब की," मुलगी म्हणाली.

"डोळ्यात कायतरी गेलं आसंल. चल म्हन्ते ना."

मग मला काय झालं ते मला माहीत नाही. खरं तर माहीत आहे. मी उभी राहिले आणि ओरडले. म्हणाले, लाज वाटत नाही का तुम्हाला? पोरगी भीतीनं मरते आहे आणि तुम्ही तिला खोटी पाडताय? आंधळी होणार म्हणून ती रोज डोळे मिटून चालत असेल, ठाऊक आहे का तुम्हाला? स्वतःला आई म्हणवून घेता? सगळा दवाखाना बघत होता. ती मुलगी खाली मान घालून पेन्सिल टेबलावर ठेवत होती, अगदी सरळ, टेबलाच्या कडेला लावून.

ती बाई ओरडली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, तुमी कागद घिऊन पुन्याला जाताल. हिला हितंच ऱ्हायचंय. दोन-तीन वर्सांनी हिचं बघायचंय. तवा तुमी येनार हाय का लोकांना सांगाया, की आजार मोठा न्हाई म्हणून?" आणि मुलीचा हात धरून निघून गेली. डॉक्टरांनी तिला तपासलंच नाही. त्यांनी नंतर मला एवढंच विचारलं, "त्यांना थांबवता नाही का आलं? औषध अगदी साधं होतं." केसपेपरवरच्या नंबरवर मी चारदा फोन केला. पहिल्यांदा एका पुरुषानं उचलला आणि असं इथं कुणी नाही म्हणाला. नंतर लागलाच नाही. चित्र माझ्याकडे राहिलं आहे. माझ्या समीकरणांशी ते जवळजवळ तंतोतंत जुळतं. मी ते वापरणार नाही.

त्या दिवशी पुण्याला परत जाणं मला जमलं नाही. जामखेडची गाडी लागलेली दिसली आणि मी तीत बसले. मावशीच्या घरी पोचले तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. मी हातपाय न धुताच तिला सगळं सांगितलं, ती बाई, ती पोरगी, तो कागद. आणि मग माझं सांगितलं, जे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. कमान कशी दिसते ते बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. मावशीनं शेंगा फोडायचं थांबवलं.

"अगं, हे तर आक्काचं हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तू पंधरा वर्षांची होतीस आणि लग्न ठरलं होतं. सुपारी फुटायच्या दिवशी पाहुण्यांना चहा देताना तुझ्या हातातून तबक पडलं. होणाऱ्या नणंदेला तू म्हणालीस, मला तुमचं अर्धंच दिसतंय, आणि न्हाणीत जाऊन ओकलीस. पाहुणे चहा न घेता उठले. बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणाले. लग्न मोडलं, आणि आठ दिवसांनी आजोबांनी तुला कुणा जाणत्याकडे नेलं. त्यानं विळा तापवून तुझ्या कानशिलावर डाग दिला. मावशी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिनं तुझे पाय धरले होते. मोठ्यांनी धरायला सांगितलं म्हणून धरले, असं सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तो डाग म्हणजे भजी तळताना उडालेलं तेल, असं तू मला सांगायचीस. पुढे चार वर्षांनी कुणालाही काही न सांगता तुला लांब तिसगावला दिलं. मावशीला आईची शपथ घातली होती, ती तिनं तू गेल्यावरही पाळली.

"आन गिरनीवर ती पाटी लावायची ना ती?" मावशी म्हणाली. "आज दळण बंद, दगडाला टाकी लावायचं काम चालू. दगूड खरबरीत कराया छिन्नीनं टाकीबिकी काय न्हाई लावायची गं. आत अंधारात पडून ऱ्हायची. लोक म्हणायचे, ह्यांचा दगूड लवकर गुळगुळीत हुतो."

आई, माणसाच्या वागण्याचं कारण कळलं की राग निवतो म्हणतात. माझा पेटला. तुला ज्यांनी धरून डागलं त्यांच्यावर मी चिडले नाही असं नाही. मावशीच्या अंगणात मी इतकी रडले की शेजारीण डोकावली. तुझ्या वाट्याला जे आलं त्याच्यापुढे माझा बारावीचा पेपर म्हणजे काहीच नाही, हेही मला कळतं. अण्णांना सांगू नको, मैत्रिणीला सांगू नको, गावाला कळू देऊ नको, हे सगळं मी मान्य करते. पण त्या संध्याकाळी चुलीपुढे आपण दोघीच होतो. दार लावलेलं होतं. तू एवढंच म्हणायचं होतंस, मलाबी हुतं. अर्ध्या तासात जातं, डोळं जात न्हाईत. एका वाक्याचं काम होतं. मग मी कुणाला सांगितलं नसतं, मरेपर्यंत सांगितलं नसतं, शपथेवर. तुला माझा भरवसा वाटला नाही. जगापासून मला वाचवायचं म्हणून तू मला गप्प केलंस, ते ठीक. पण माझ्यापासून का लपवलंस? जिच्या डोक्यात तीच लाट सरकत होती अशी या जगात एकच बाई होती आणि ती माझ्याशेजारी झोपत होती, आणि मला चौदा वर्षं वाटत राहिलं की असलं काही फक्त मलाच होतं.

हे पत्र मी कुठं ठेवणार आहे ते ठरवलेलं नाही. मावशी विचारते, आक्कावर एवढी का चिडलीस, आता ती हाय का उत्तर द्यायला? तिला हे दाखवलं तर बरं वाटेल कदाचित, पण दाखवणार नाही. कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, कुणालाच नाही, आणि ती टाळून हे पत्र पुरं होत नाही.

त्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला होता. दुपारची वेळ, मागे मोटारीचा आवाज. मी म्हणाले, आई, मला जे होतं त्याला नाव आहे. तू म्हणालीस, "थांब, मोटार बंद करते." दळण अर्ध्यात असताना तू मोटार कधी बंद करायची नाहीस. पट्ट्याचा आवाज हळूहळू थांबला आणि मी बोलायला लागले. दहा मिनिटं बोलले असेन. अर्धशिशी म्हणजे काय, मेंदूतली लाट म्हणजे काय, मी आंधळी होणार नाही, वेडीही नाही, आणि आता मी याचंच गणित करणार आहे. मला तुला दुखवायचं होतं, म्हणून फार शांतपणे सांगितलं. मग विचारलंस, "आन ते कडंला गेल्यावर पळाया का लागतं मग?"

मी लगेच उत्तर दिलं. लाटेचा वेग सारखाच असतो, आई, पण नजरेच्या मधल्या भागाला मेंदूत पुष्कळ जागा दिलेली असते आणि कडेच्या भागाला थोडी, म्हणून मध्ये असताना ती रेघ हळू वाटते आणि कडेला गेली की धावल्यासारखी दिसते. आदल्या दिवशीच शिकले होते, त्यामुळं सांगताना मला मोठी ऐट वाटली. "असं व्हय," तू म्हणालीस. जरा वेळानं परत म्हणालीस, "असं व्हय."

ती कडेला गेल्यावर पळते, हे मी तुला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशीही नाही, आधीही कधी नाही. मी बोलता बोलता थबकले, इतकं मला तिथल्या तिथे कळलं. पण आयुष्यात पहिल्यांदा मला माहीत होतं आणि तू विचारत होतीस, आणि ती चौदा वर्षं माझ्या एकटीची होती, त्यात मला तू नको होतीस. मी म्हणाले, चल, ठेवते, मला काम आहे. पुढच्या वर्षी काविळीत तू गेलीस. तुलाही होतं का, एवढंच विचारायचं होतं, आणि तू मोटार बंद करून थांबली होतीस.